आधी ताडपत्री, मग चाकू : जंगलात नेण्याच्या सामानाबद्दल वाचकांचे प्रश्न

जंगलात मुक्काम करायचा तर सोबत काय न्यायचं, या एकाच विषयावर गेल्या दोन महिन्यांत इतके प्रश्न आलेत की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. बहुतेकांनी परदेशी व्हिडिओ बघून याद्या केल्यात. याद्या वाईट नाहीत, पण त्या स्वीडन-कॅनडाच्या थंड जंगलांसाठी केलेल्या आहेत, आणि आपल्याकडे चार महिने धो धो पाऊस नि मार्चनंतर गडावरच्या टाक्यात पाण्याचा थेंब नाही अशी तऱ्हा, म्हणून मी प्रत्येक प्रश्नाला एकच चाळणी लावलीये, की तुम्ही जाताय त्या जागी, त्या महिन्यात, माणसाला धोका नेमका कशाचा आहे.

प्रश्न : ताई, मी सेकंड इयरला आहे, बुशक्राफ्ट (जंगलात मोजक्या सामानात राहायची कला) शिकायचंय. पैसे साठवून आठ हजार जमवलेत. सगळ्या व्हिडिओत सांगतात की पहिली वस्तू चाकू. मला एक फुल टँग (पातं मुठीच्या टोकापर्यंत सलग गेलेला) कार्बन स्टीलचा चाकू आवडलाय पण तो एकटाच साडेपाच हजाराचा आहे. घेऊ का?
– कॉलेजमधला एक वाचक, सांगली

उत्तर : अरे थांब, इतक्यात घेऊ नकोस. साडेपाच हजार चाकूत गेले तर उरलेल्या अडीच हजारात तुला पाऊस, थंडी, पाणी आणि अंधार या चारही गोष्टींची सोय करायचीये आणि ती होत नाही. सह्याद्रीत मुक्कामाला गेलेला माणूस अडचणीत येतो तो भिजून गारठल्यामुळे, पाणी संपल्यामुळे, वाट चुकल्यामुळे नाहीतर अंधारात पाय घसरल्यामुळे. जुलैत घाटमाथ्यावर बर्फ पडत नाही हे खरं, पण अंगात ओली जीन्स, वरून पाऊस, कड्यावरून येणारा वारा आणि पोटात काही नाही अशी दोन-तीन तासांची वेळ आली की माणूस कुडकुडायला लागतो, मग बोलणं अडखळतं, बोटांना सॅकची चेन उघडता येत नाही, हीच हायपोथर्मियाची, म्हणजे शरीराचं तापमान घसरण्याची, सुरुवात आणि ती अठरा-वीस अंशातही होते.

म्हणून पैसे असे लाव. आधी एक हलकी ताडपत्री, साधारण दहा बाय दहा फूट, चारही कडांना आयलेट (दोरी ओवायची धातूची भोकं) असलेली, आणि तिच्यासाठी बारीक नायलॉन दोरी. मग कोरड्या कपड्यांचा एक जोड, सुती अजिबात नको, तो जाड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून सॅकच्या तळाशी ठेवायचा आणि कितीही मोह झाला तरी झोपायच्या वेळेपर्यंत बाहेर काढायचा नाही. मग हेडटॉर्च, कारण हातातली बॅटरी म्हणजे एक हात कायमचा अडकला. फोमची मॅट, कारण थंडी जमिनीतून जास्त लागते. आणि एकेरी पत्र्याची स्टीलची बाटली किंवा साधा कडीचा डबा, ज्यात पाणी थेट आगीवर उकळता येईल (थर्मासची दुहेरी बाटली चुकूनही आगीवर ठेवू नकोस, ती फुटू शकते). स्लीपिंग बॅग नंतर घे, घरात घोंगडी असेल तर सुरुवात तिच्यावर कर, धनगर लोक पिढ्यान्‌पिढ्या दख्खनी मेंढीच्या लोकरीच्या घोंगडीवर पाऊसकाळ काढत आलेत. ती भिजली तरी थोडी ऊब ठेवते, आगीची ठिणगी पडली तर नायलॉनसारखी वितळत नाही. जड असते, हा तिचा एकमेव दोष.

आता चाकू. चार इंचाच्या आसपास पातं, हातात घट्ट बसणारी मूठ, पक्कं म्यान, एवढं पुरे. स्वीडनचा मोरा कंपॅनियन फुल टँग नाहीये आणि तरी जगभर शिकवणारे लोक नवशिक्यांना तोच देतात, कारण लाकूड सोलायला, खाच पाडायला, दोरी कापायला तो उत्तम आहे. फुल टँग लागतो तो चाकूवर लाकडाचा ठोकळा मारून ओंडके फोडायला, आणि ते काम आपल्याकडे कोयता कितीतरी चांगलं करतो. स्टेनलेसच घे. कार्बन स्टीलला धार पटकन लागते पण कोकणच्या दमट हवेत एका रात्रीत तांबूस डाग येतात, घेतलाच तर दर वेळी खोबरेल तेलाचा हात फिरवावा लागेल. आणि कोयत्याबद्दल विचारशील तर कुठल्याही बाजारगावच्या लोहाराकडे गाडीच्या कमानपाट्याचा कोयता मिळतो, कोकणात कमरेच्या आकडीला तो अडकवून माणसं दिवसभर रानात वावरतात, त्यांच्यापेक्षा मोठा बुशक्राफ्टर तुला यूट्यूबवर सापडणार नाही. मात्र शहरातून एसटीने कोयता घेऊन फिरू नकोस, गावात ज्यांच्याकडे उतरशील त्यांचाच माग.

एक कायद्याची गोष्ट नीट वाच. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकूही येतो. भीमाशंकर, कोयना, चांदोली, कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही सगळी अभयारण्यं किंवा उद्यानं आहेत. तिथे भाजी चिरायची छोटी सुरी जेवणाच्या सामानात असणं वेगळं आणि कमरेला चाकू लटकवून फिरणं वेगळं, जायच्या आधी वनविभागाच्या ऑफिसला विचारून घे. शिवाय नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा चाकू, जो घरकामाचा किंवा शेतीचा नाही, तो शस्त्र कायद्याखाली येतो, त्यामुळे ते रॅम्बो टाइप धूड तर नकोच.

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, मित्रांबरोबर गडावर मुक्कामाला जायचं म्हणतो. सापाची फार भीती वाटते. ऑनलाइन स्नेक बाइट किट मिळतं, त्यात विष ओढायचा पंप आणि आवळायची पट्टी असते. घेऊन देऊ का?
– एक आई, नाशिक

उत्तर : नको ताई, ते किट घेऊच नका. पंपाने विष निघत नाही, पट्टी करकचून आवळली तर हात-पाय गमवायची वेळ येऊ शकते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या खटाटोपात दवाखान्यात पोचायचा वेळ जातो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालणारं एकच इंजेक्शन आपल्याकडे सरकारी दवाखान्यात देतात, औषध म्हणाल तर तेवढंच. मुलाला हे पाठ करून घ्या : चावलेल्या हातातली अंगठी, घड्याळ, कडं काढायचं, तो अवयव फळीसारख्या कशाने तरी हलका बांधून स्थिर ठेवायचा, कापायचं नाही, चोखायचं नाही, साप पकडायला जायचं नाही, ज्याला चावलंय त्याला चालत न नेता उचलून न्यायचं, १०८ ला फोन करायचा. निघायच्या आधी पायथ्याच्या जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे आणि तिथे इंजेक्शन आहे का, हे फोन करून विचारून ठेवा, हा एक फोन त्या किटपेक्षा शंभरपट कामाचा.

पैसे खर्च करायचेच असतील तर घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट आणि चांगली बॅटरी घेऊन द्या. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, कित्येकदा चावल्याचं कळतही नाही, म्हणून उघड्यावर चटई टाकून झोपण्यापेक्षा चेन पूर्ण बंद होणारा तंबू बरा. रात्री लघवीला जाताना बॅटरी आणि बूट, चप्पल नाही. सकाळी बूट घालायच्या आधी उलटे करून आपटायचे, त्यात विंचू बसतो. कोकणातला लाल विंचू तर साधा समजूच नका, महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधावर केलेल्या कामामुळे या विंचवाने जाणारे किती जीव वाचले, त्यावरून त्याची ताकद कळेल. डंखानंतर दरदरून घाम आणि हातपाय गार पडायला लागले तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, सरळ दवाखाना.

तुमच्या पत्रात आग्या मोहोळाचा उल्लेख नाही पण गडांवर मला सापापेक्षा त्याची काळजी जास्त वाटते. कड्याला लटकलेली पोळी असतात, खाली कोणी धूर केला, दगड मारला, आरडाओरडा केला की सगळं मोहोळ उठतं. मुलाला सांगा, परफ्यूम मारून जायचं नाही, कड्याखाली चूल पेटवायची नाही. सोबत एक पातळ चादर किंवा बारीक जाळीचं कापड असू दे, डोकं-तोंड झाकून लांब पळायला उपयोगी पडतं. आणि सेट्रिझिन, ओआरएसची पाकिटं, क्रेप बँडेज, बेटाडिन, गॉज, पॅरासिटामॉल एवढं एका डब्यात.

प्रश्न : फायर स्टील मागवलं. घरी कापसावर मस्त पेटतं पण पावसाळ्यात शेतावर ट्राय केलं तर तासभर ठिणग्या उडवूनही काही पेटलं नाही. माल खराब आला की माझं काही चुकतंय?
– चिपळूणहून एक वाचक

उत्तर : माल बहुतेक ठीक आहे दादा, फायर स्टील म्हणजे घासून ठिणग्या पाडायची फेरो रॉडची कांडी, तिच्या ठिणगीचं तापमान तीन हजार अंशांच्या घरात जातं आणि ती कांडी पाण्यात बुडवून काढली तरी चालते. अडचण आहे ती ठिणगी झेलायला ठेवलेल्या वस्तूची. परदेशी लोक बर्च झाडाची साल वापरतात, तिच्यात तेल असतं आणि ती ओली असूनही पेटते. आपल्याकडे ते झाड नाही आणि जुलैत चिपळूणच्या हवेत वाळलेलं गवतसुद्धा दमट असतं, त्यामुळे पेटवण घरून न्यायचं हा साधा नियम करा.

देव्हाऱ्यातला कापूर घ्या! ओल्या हातानेही पेटतो, वाऱ्यात टिकतो, वजन काही नाही. फक्त तो हवेत उडून जातो म्हणून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. अख्ख्या वडीवर ठिणगी धरत नाही, चुरा करून कापसात मिसळा नाहीतर सरळ लायटरने पेटवा. दुसरं म्हणजे व्हॅसलिन चोळलेल्या कापसाचे बोळे, एक बोळा काही मिनिटं जळतो आणि तेवढ्यात काड्या धरतात. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी भिजली तरी जळते, धूर घाण येतो पण अडीनडीला सोनं. आणि तुम्ही तर माडांच्या मुलखात राहता, चुलीवर टांगून सुकवलेल्या सोडणाचा (नारळाच्या वरच्या सालाचा) पिंजलेला काथ्या पिशवीत भरून ठेवलात तर विकतचं काही लागणारच नाही.

लाकूड जमिनीवरचं उचलू नका, ते पाणी पिऊन बसलेलं असतं. झाडावरच वाळलेली, उभी किंवा अडकलेली फांदी घ्या, मधोमध फोडा, आतलं कोरडं लाकूड चाकूने पातळ तासून त्याचे पिसासारखे झुबके करा. आधी काडीएवढं, मग पेन्सिलीएवढं, मग अंगठ्याएवढं, हे सगळं ठिणगी पाडायच्या आधी जमवून शेजारी ठेवलेलं पाहिजे, अर्ध्याहून जास्त आगी इथेच विझतात. हिरवा बांबू पेरासकट आगीत टाकू नका, आतली हवा तापून फटाक्यासारखा फुटतो. बिब्ब्याचं लाकूड ओळखता येत नसेल तर ओळखणाऱ्याला विचारा, त्याचा चीक अंगावर उठतो. आणि फायर स्टील असलं तरी साधा लायटर सोबत असू देच, दोन ठेवा, एक खिशात एक सॅकमध्ये. आग लवकर आणि खात्रीने लागली पाहिजे, ती कशाने लावली याला जंगलात कोणी मार्क देत नाही.

हे सगळं पावसाळ्यापुरतं आणि खाजगी जागेपुरतं. फेब्रुवारीपासून पहिला पाऊस पडेपर्यंत डोंगरावर उघडी आग पेटवूच नका, गवत इतकं वाळलेलं असतं की एक निखारा उडाला तर वणवा अख्खी सोंड चाटून जातो, त्यात पक्ष्यांची घरटी जातात, रोपटी जातात, खालच्या वाडीतला गुरांचा चारा जातो. अभयारण्यात आणि राखीव जंगलात तर आग लावणं गुन्हाच आहे. त्या दिवसांत छोटा गॅस स्टोव्ह न्यायचा असेल तर स्वतःच्या गाडीने जा, कारण गॅसची कॅनिस्टर विमानात चालत नाही आणि रेल्वेतही ज्वालाग्राही वस्तू नेता येत नाही. नाहीतर पायथ्याच्या गावात जेवणाचं सांगून ठेवा, हरिश्चंद्रगडाला जाताना पाचनईत, आणि कितीतरी गडांखाली, घरोघरी पिठलं-भाकरी मिळते, त्या घरालाही दोन पैसे होतात.

प्रश्न : ०.१ मायक्रॉनचा हॉलो फायबर फिल्टर घेतलाय. आता टाक्यातलं, ओढ्यातलं कुठलंही पाणी बिनधास्त पिऊ शकतो ना?
– आयटीतला एक वाचक, पुणे

उत्तर : बिनधास्त नाही. हा फिल्टर म्हणजे बारीक छिद्रांच्या पोकळ नळ्यांची जुडी, तो गाळ, बॅक्टेरिया आणि जिआर्डियासारखे परजीवी अडवतो, पण विषाणू त्याच्या छिद्रांपेक्षा लहान असतात, ते आरपार जातात. अमेरिकेतल्या निर्जन डोंगरात त्याने फारसं बिघडत नाही कारण वर माणसंच नसतात, आपल्या टाक्यांच्या आजूबाजूला शनिवार-रविवारी माणसांची जत्रा असते आणि हिपॅटायटिस ए आणि ई दोन्ही माणसाच्या विष्ठेतून पाण्यात येतात. म्हणून गाळल्यावर त्यात क्लोरीनची गोळी टाका आणि अर्धा तास थांबा, किंवा उकळा. उकळायचं म्हणजे खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट, वीस मिनिटं उकळून गॅस घालवायची गरज नाही. दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं उकळतात पण आपलं सगळ्यात उंच कळसूबाईच १६४६ मीटर आहे, त्यामुळे महाराष्ट्रात एक मिनिट सगळीकडे चालतं. क्लोरीनची गोळी एकटीच वापरणार असाल तर पाणी आधी सुती रुमालाच्या चार घड्यांतून गाळून घ्या, गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही.

हाच फिल्टर हिमालयात नेणार असाल तर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, आत अडकलेलं पाणी गोठलं तर फायबर फाटतात आणि बाहेरून काही कळत नाही.

पण मुळात पाणी असेल तर फिल्टर. मार्च ते मे बरीच टाकी कोरडी असतात किंवा तळाशी हिरवं शेवाळ. माणशी चार लिटर खालून घेऊन निघा आणि वर पाणी आहे का हे गावकऱ्यांना विचारा, दोन वर्षं जुन्या ट्रेक रिपोर्टवर जाऊ नका.

प्रश्न : तंबू की हॅमॉक? गोव्यात आणि दोडामार्गच्या बाजूला फिरायचा बेत आहे, जानेवारीत.
– फोंड्याहून एक वाचक

उत्तर : झाडं दाट, जमीन उतरती आणि ओलसर, त्यामुळे हॅमॉक (दोन झाडांमध्ये टांगायचा कापडी झोपाळा) आणि वर ताडपत्री ही जोडी तुमच्याकडे तंबूपेक्षा सरस. जाळी शिवलेला हॅमॉक घ्या, झाडाला दोरी न बांधता रुंद पट्टे वापरा म्हणजे साल कापली जात नाही, आणि पाठीखाली फोमची मॅट टाका कारण खालून वारा लागला की जानेवारीत पाठ गार पडते. वर वाळकी फांदी लोंबत नाहीये ना हे बांधायच्या आधी बघा. ओढ्याच्या पात्रात कितीही सपाट वाळू दिसली तरी तिथे मुक्काम नको. म्हादई, मोले वगैरे अभयारण्यांत परवानगीशिवाय राहता येत नाही हे तुम्हाला माहीत असेलच.

मला खरं बोलायचंय ते गोचिडीबद्दल. गोव्यातली सत्तरी आणि दोडामार्ग-सावंतवाडी हा माकडतापाचा पट्टा आहे, क्यासनूर फॉरेस्ट डिसीज म्हणतात तो, २०१५-१६ पासून या भागात त्याचे रुग्ण सापडलेत आणि त्याचा हंगाम नेमका डिसेंबर ते मे, म्हणजे फिरायला सगळ्यात छान वाटणारे महिने. तो पसरतो बारीक गोचिडीच्या चाव्यातून. म्हणून तुमच्या यादीत वरच्या नंबरला फिकट रंगाची पूर्ण पँट, ती मोज्यात खोचायची, पूर्ण बाह्यांचा शर्ट (खाजकुयलीपासूनही वाचाल), आणि डेपा तेल, म्हणजे गोचीड दूर ठेवायला अंगाला लावायचं तेल, जे डीआरडीओने बनवलंय. पाचोळ्यावर बसायचं नाही, लोळायचं तर नाहीच. रोज संध्याकाळी काखा, मांड्या, कानामागे तपासायचं, चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढायची, चिरडायची नाही. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, आरोग्य केंद्राला कळवायचं. परत आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना आपण कुठे फिरून आलो ते आवर्जून सांगायचं.

प्रश्न : डिसेंबरमध्ये भारतात येतोय, भावंडांबरोबर हरिश्चंद्रगड आणि नंतर ताडोबा करायचंय. माझ्याकडे इथलं सगळं गिअर आहे : सॅटेलाइट मेसेंजर, बेअर स्प्रे, उणे दहाची डाउन बॅग. काय काय आणू?
– न्यू जर्सीहून एक वाचक

उत्तर : सॅटेलाइट मेसेंजर घरीच ठेवा, हे अगदी मनापासून सांगते. भारतात सॅटेलाइट फोन आणि तशी यंत्रं सरकारी परवान्याशिवाय बाळगणं बेकायदा आहे, विमानतळावर सापडलं तर पोलीस केस होते, आणि परदेशी प्रवाशांवर ती वेळ आलेली आहे. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाला पळवायचा तिखट फवारा, विमानात चालतच नाही, ना हँडबॅगेत ना चेक-इनमध्ये. ताडोबात तुम्ही जिप्सीतून खाली उतरणार नाही, तिथे दुर्बीण, धुळीसाठी रुमाल आणि पहाटेच्या सफारीला जाड जॅकेट पुरतं. डाउन (पिसं भरलेली) बॅगही जास्त होईल, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर डिसेंबरच्या पहाटे पारा दहाच्या आसपास घुटमळतो, पाच-सात अंशांची साधी सिंथेटिक बॅग पुरेल आणि दव पडून ओली झाली तरी ती ऊब देते. आणायचंच तर चांगला हेडलॅम्प आणा, पाण्याचा फिल्टर आणा (वरचं उत्तर वाचा), आणि भावंडांसाठी लोकरीचे मोजे.

प्रश्न : आम्ही चार मैत्रिणी. जंगलात राहायचं शिकायचंय पण मेळघाटात तर तंबू टाकू देत नाहीत. मग सराव करायचा कुठे? आणि बायकांसाठी म्हणून वेगळं काही सामान?
– अमरावतीची एक वाचक

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला गं. मेळघाट व्याघ्र प्रकल्पात ठरवून दिलेल्या जागीच राहावं लागतं आणि ते योग्यच आहे, तिथे आपण पाहुणे. सरावाला ओळखीच्या कोणाचं तरी शेत बघा, विहीर असलेलं आणि घर हाकेच्या अंतरावर. तिथे ताडपत्री बांधा, एक रात्र काढा, दुसऱ्या वेळी मुद्दाम पावसात काढा. काय कमी पडलं आणि काय उगाच नेलं हे शेतावर कळलं तर दहा मिनिटांत घरात जाता येतं. सोबत वाडीतल्या एखाद्या मावशींना घ्या, कुठलं कंदमूळ उकडून खायचं, कुठल्या पानाची पत्रावळ होते, कुठलं लाकूड धूर करतं हे त्यांना जे येतं ते कुठल्या कोर्सात नाही, आणि शिकवण्याचे पैसे त्यांना रीतसर द्या.

सामान म्हणशील तर एक छोटं खुरपं, वीतभर खोल खड्डा करायला, पाण्यापासून पन्नास-साठ मीटर लांब. पॅड पुरायचे नाहीत, जाळायचे नाहीत, झिप बॅगेत घालून वर वर्तमानपत्र गुंडाळून परत आणायचे. पाळीचा कप वापरत असाल तर हात धुवायला उकळलेलं पाणी वेगळं ठेवा. प्रवासात पाणी कमी पिऊ नका, लघवीला जायची पंचाईत नको म्हणून आपण बायका पाणी पिणं टाळतो आणि मग डोकं दुखतं, चक्कर येते, इन्फेक्शन होतं. आडोशाला एक मोठी ओढणी किंवा लुंगी न्या. चौघींनी कुठे जातोय आणि कधी परतणार हे घरी आणि पायथ्याच्या गावात लिहून द्या.

प्रश्न : वाट चुकलो तर नदी-ओढ्याच्या कडेने खाली चालत राहायचं, वस्ती लागते, असं सगळीकडे वाचलंय. मग होकायंत्र, जीपीएस यावर खर्च कशाला?
– ठाण्याहून एक वाचक

उत्तर : हा सल्ला सह्याद्रीत जीव घेईल, कृपा करून तो विसरा. आपले डोंगर लाव्हाच्या थरांवर थर चढून झालेत, त्यामुळे उतार पायऱ्यांसारखा आहे, थोडी सपाटी मग एकदम कडा. ओढ्याने खाली उतरत गेलात तर एखाद-दुसरा टप्पा उडी मारून पार होतो, आणि पुढे शंभर-दोनशे फुटांचा धबधबा येतो, खाली जाता येत नाही आणि मारलेल्या उड्या परत वर चढता येत नाहीत. रेस्क्यू टीमना माणसं अशा मधल्या टप्प्यावर अडकलेली सापडतात. वाट गेली असं वाटलं की थांबा, शेवटची खात्रीची जागा आठवा, उजेड आणि अंगात दम असेल तर तिथपर्यंत उलटं जा, नाहीतर आहात तिथेच कोरडे आणि उबदार राहा.

यासाठी लागणारं सामान स्वस्त आहे. एक शिट्टी, गळ्यात, सॅकमध्ये नाही. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा, आणि उत्तर देणारा मिनिटात तीन वेळा वाजवतो. ओरडून घसा अर्ध्या तासात बसतो, शिट्टी रात्रभर वाजते आणि धुक्यात लांब जाते. फोनमध्ये त्या भागाचा ऑफलाइन नकाशा घरून डाउनलोड करा, जीपीएसला नेटवर्क लागत नाही. फोन फ्लाइट मोडवर ठेवा कारण रेंज शोधण्यात बॅटरी संपते, लोकेशन तेवढं चालू राहू दे. पॉवर बँक आणि फोन दोन्ही झिप बॅगेत. होकायंत्र घ्याच, पण नकाशावर वापरायला शिकल्याशिवाय ते नुसती उत्तर दिशा दाखवेल. ११२ हा नंबर तुमच्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन आहे, लोणावळ्यात शिवदुर्ग मित्रसारखी टीम आहे, जाणार त्या भागातल्या टीमचा नंबर निघायच्या आधी सेव्ह करा आणि कागदावरही लिहा. चांदीच्या रंगाचं इमर्जन्सी ब्लँकेट मुठीत मावतं, माणशी एक ठेवा.

प्रश्न : पॅराकॉर्डवर (पॅराशूटच्या बारीक दोरीवर) साडेपाचशे पाउंड लिहिलंय, म्हणजे अडीचशे किलो. मग त्याने छोटं रॅपलिंग चालेल ना?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. ते स्थिर लटकवलेलं वजन आहे, गाठ मारली की ताकद कमी होते, दगडाच्या धारेवर घासली की आणखी कमी, आणि माणूस नुसता घसरून झटका बसला तरी भार काही पटीने वाढतो. पॅराकॉर्ड ताडपत्री बांधायला, बुटाच्या लेसला, आतले सात धागे शिवायला. कड्यावर उतरायचं असेल तर प्रमाणित दोर, हार्नेस आणि शिकवणारा माणूस, या तिन्हींपैकी एक जरी नसेल तर उतरू नका.

प्रश्न : माझे ट्रेकिंगचे बूट महाग होते, फार वापरलेही नाहीत, चार वर्षं कपाटात होते. या वेळी गडावर अर्ध्या वाटेत दोन्ही सोल निघाले. असं कसं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : न वापरल्यामुळेच. बऱ्याच बुटांच्या सोलमधला पॉलीयुरेथेनचा थर हवेतल्या दमटपणाने आतून कुजतो, मुंबई-ठाण्याच्या हवेत तर लवकरच, आणि वापरात असलेल्या बुटापेक्षा डब्यात बंद ठेवलेला बूट आधी जातो. पावसाळ्यानंतर कपाटातून काढून सोल अंगठ्याने दाबून बघा, भुगा पडला किंवा भेग दिसली तर तो बूट गडावर नेऊ नका, चांभाराकडून नुसतं चिकटवून भागत नाही, सोल नवीन बसवून वरून शिवून घ्यावा लागतो. सॅकमध्ये डक्ट टेप बाटलीला गुंडाळून ठेवा आणि हातभर बारीक बाइंडिंग वायर, सोल निघाला तर बुटाभोवती आडवे-उभे तीन वेढे घालून पायथ्यापर्यंत उतरता येतं.